न जळणारी वायर आणि भामाची गाठ

गुरुदत्तशेठची आणि भामाची ओळख भांडणातून झाली. सुकापूरला तो ज्या सोसायटीत राहतो, तिच्या फाटकाशेजारी भामा मासळीची टोपली घेऊन बसायची आणि डोक्यावरची छत्री फाटकाच्या गजाला बांधून ठेवायची. एका सकाळी गुरुदत्तला गाडी काढायची घाई होती आणि छत्रीची दोरी फाटक उघडू देत नव्हती. त्याने नखं लावून पाहिली, दात लावायचा तेवढा राहिला. मग खिशातून किल्ली काढून तो दोरी करवतायला लागला.

"शेठ, दोरी कापू नका. सुटंल ती."

"कशी सुटेल? इथं गाठ कुठं सुरू होते तेच कळत नाही."

भामाने माशाचा हात लुगड्याला पुसला, अंगठ्याने गाठीच्या पोटात एका जागी दाबलं आणि दोरी ओघळून खाली पडली. गुरुदत्त गाडी काढायची विसरला. ही गाठ भिजली तर सैल होते का, ताण आला तर सरकते का, गुळगुळीत गजावर घसरते का, असं तो विचारत बसला. भामाला वाटलं, माणूस चांगल्या घरचा दिसतो पण डोक्याने जरा हाय. ती म्हणाली, "घसरायला कोन बांधतं का?"

दुसऱ्या दिवशी तो तिला कामाचं विचारायला आला.

त्याचं काम होतं ओव्हनची वायरिंग करून द्यायचं. घरातले केक भाजायचे ओव्हन नव्हेत. कपाटाएवढे, काही तर खोलीएवढे. कारखान्यात लोखंडाला रंग दिला की तो त्यांत पक्का करतात, औषधांची पूड वाळवतात, प्रयोगशाळेतली काचेची भांडी तापवून निर्जंतुक करतात. आतल्या हीटरपासून बाहेरच्या पेटीपर्यंत वायरी जातात त्या दोनशे अंशांच्या झळीतून. आपल्या घरातल्या भिंतीत असते ती वायर तिथं एक दिवस टिकणार नाही, तिचं प्लॅस्टिक वितळून गळून पडेल. म्हणून तिथं वेगळी, पांढरी, चकचकीत वायर लागते. बाजारात तिला टेफ्लॉनची वायर म्हणतात. ती उष्णतेला दाद देत नाही. पण या वायरींचा जुडगा बांधायचा कशाने? प्लॅस्टिकच्या पट्ट्या झळीने कडक होऊन सहा महिन्यांत तुटायच्या. काचेच्या धाग्याची दोरी मिळते, ती टिकते, पण त्याच्या माणसांनी मारलेली प्रत्येक गाठ वायरीवरून सरकायची. वायर इतकी बुळबुळीत की चिकटपट्टी धरत नाही, गोंद धरत नाही.

"एक वेळ ओला बोंबील बांधता येईल," गुरुदत्त म्हणाला, "पण ही वायर नाही."

"बोंबील कोन बांधतंय? एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आन वाळत घालायचं. वायर दाखवा."

तिने पाहिली, बांधली. गुरुदत्तने आणि त्याच्या इलेक्ट्रिशियनने, गणूने, दोन टोकांनी ओढलं. गाठ जागची हलली नाही. टोपली गेली आणि भामा गुरुदत्तच्या कामाच्या गाळ्यातल्या लांब टेबलाशी बसायला लागली.

भामा मूळची मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. धक्क्यावर तिच्या बापाची, कमळाकरची, स्वतःची होडी नव्हती, तो दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करायचा. हाताला चव असलेली माणसं असतात तशी कमळाकरच्या हाताला पकड होती. सात वर्षांच्या भामाला त्याने शेजारी बसवलं आणि गाठ शिकवली. मुलीने गाठ मारली की तो तिच्यात बोट घालून लोंबकळल्यासारखं करायचा. गाठ तसूभर सरकली तरी एकच शब्द, "उसव." पुन्हा मार. मासा सैल जागा शोधत असतो, तो तुझं वय बघत नाही, असं म्हणायचा. भामा शाळेत सातवीपर्यंत गेली, पण विचारलं तर ती शिक्षण म्हणून धक्का सांगते. लग्न होऊन सुकापूरला आली. नवरा महादेव बंदरावर ट्रेलर चालवतो, आठवड्यातले तीन दिवस घरी असतो. एक मुलगी, भाविका, पनवेलच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे.

गाळ्यात आल्यावर भामाला त्या वायरीने झपाटलं. तिला काम मिळालं होतं बांधायचं, पण ज्याला बांधायचं ते काय आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. पहिल्याच आठवड्यात तिने गुरुदत्तला विचारून विचारून भंडावलं. ही जळत कशी नाय? पाण्यात टाकली तर? खाऱ्या पाण्यात? तेलात? शेवटी गुरुदत्तने शटरबाहेर जाऊन लायटर पेटवला. साध्या वायरीचा तुकडा धरला तर तो धूर ओकत, काळे थेंब गाळत पेटला. पांढरी वायर ज्योतीत धरली, ती पेटलीच नाही. त्याने चटकन बाजूला केली.

"जास्त वेळ धरायची नाही. अडीचशे अंशांपर्यंत हिला काही होत नाही. पण थेट ज्योतीत धरली, तीन-साडेतीनशेच्या वर नेली, की विषारी वाफ निघते. पिंजऱ्यातली पाखरं मरतात त्या वाफेने."

"आन मानसं?"

"माणसांना ताप येतो. थंडी वाजून, अगदी मलेरियासारखा. म्हणून तर गणूला सांगतो, हात धुतल्याशिवाय बिडी ओढू नकोस. वायर सोलताना भुगा बोटाला लागतो, बोटाचा बिडीला लागतो, आणि बिडीच्या टोकाला आग असतेच."

"मला तर बायकोच्या बोलण्यानं ताप येतो," गणू म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याने हात धुवायला सुरुवात केली.

भामाने आपले प्रयोग घरी चालू ठेवले. तिने एक तुकडा चिंचेच्या कोळात ठेवला, एक संडास धुवायच्या ॲसिडमध्ये, एक खोबरेल तेलात. एक तुकडा मोऱ्याला भावाकडे जाताना नेला, धक्क्याच्या खांबाला बांधला आणि महिन्याने काढून आणला. त्याच्यावर शिंपल्यांची खपली जरा चढली होती, ती अंगठ्याने ढकलताच निघून गेली, खाली वायर नवी कोरी. शेजारी बांधलेल्या साध्या वायरीचं टोक हिरवं पडून कुजलं होतं. भाविकाला आईचं हसू यायचं आणि आईच्या स्वयंपाकघरात ॲसिडची वाटी बघून धास्तीही वाटायची.

"आई, मला विचार ना. पुस्तकात आहे सगळं."

"पुस्तकात हाय म्हनजे कुनीतरी करून बघितलं आसंल. मी बी बघते."

भाविकाने तिला वहीत काढून दाखवलं. कार्बनची लांबच लांब साखळी आणि तिला चहूबाजूंनी बिलगलेला फ्लोरिन. इतका घट्ट बिलगलेला, की ॲसिड येवो, तेल येवो, आतल्या कार्बनला हात लावायला कुणाला फटच मिळत नाही. भामाने चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हनजे हिला वैरीच नाय कोनी?"

"जवळजवळ नाही."

हे उत्तर भामाला पटलं नाही. समुद्रात वैरी नसलेली वस्तू तिने पाहिली नव्हती.

दोन वर्षं बरी गेली. मग यंदा होळीनंतर पहिला ओव्हन परत आला. चालू केला की दहा मिनिटांत स्विच आपोआप पडायचा, म्हणजे वीज कुठंतरी वायरीतून निसटून ओव्हनच्या पत्र्यात उतरत होती. गणूने वायरिंग बदलून दिली. तीन आठवड्यांनी दुसरा आला, मग तिसरा. तिन्ही एकाच तक्रारीचे.

गुरुदत्तने संशय घेतला तो वायरीच्या व्यापाऱ्याचा. गेल्या वर्षी त्याने मुंबईचा जुना व्यापारी सोडून नवा धरला होता. बाजारात खोटी वायर फार, पांढरं दिसलं की टेफ्लॉन म्हणून विकतात. त्याने व्यापाऱ्याला फोन केला. तो आणाभाका घ्यायला लागला. गुरुदत्तने उरलेली रिळं बांधायला काढली आणि तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. शनिवारी माल आणि पत्र दोन्ही जाणार होतं.

भामाने मात्र तिन्ही ओव्हनमधून निघालेले जुने जुडगे भंगारात जाऊ दिले नाहीत. तिला राग आला होता. व्यापाऱ्याचा नाही. ॲसिडला, खाऱ्या पाण्याला, झळीला न बधलेल्या वायरीला खाल्लं कुणी, हे तिला बघायचं होतं. दुपारच्या सुट्टीत ती टेबलाशी बसून जुडगा वीतभर वीतभर तपासू लागली.

पहिल्या जुडग्यात जागा सापडायला दोन दिवस लागले. पत्र्याला भोक पाडून वायरी बाहेर काढतात, त्या भोकाच्या कडेला तिची गाठ होती. जुडगा हलू नये म्हणून तिथं ती नेहमी घट्ट बांधायची. दोरी कापून गाठ बाजूला केली, तर खाली पांढरं आवरण विरळ होत होत नाहीसं झालं होतं आणि आतली धातूची तार चमकत होती. दुसऱ्या जुडग्यात तीच जागा. तिसऱ्यात तीच.

"धार लागली पत्र्याची," गणू वाकून बघत म्हणाला. "कापली असंल."

"कापली न्हवं. बघ नीट."

कापलं असतं तर ओरखडा दिसला असता, घासलं असतं तर भुगा. इथं तसं काही नव्हतं. आवरण दोन्ही बाजूंना सरकून फुगलं होतं. मळलेल्या पिठात बोट दाबावं आणि पीठ कडेने वर यावं, तसं. कुणी ते तोडलं नव्हतं. ते आपणहून जागा सोडून बाजूला गेलं होतं.

भामाने पत्र्याचे दोन तुकडे घेतले, दोन्हींना भोकं पाडून घेतली, दोन्हींतून वायर ओवली. एका तुकड्याला बापाने शिकवली तशी गाठ मारली. दुसऱ्यालाही तीच मारली, पण मारताना आत आगपेटीची काडी ठेवली आणि मग काडी ओढून काढली, म्हणजे गाठ तेवढी सैल राहिली. गाळ्यात माल तपासायचा एक ओव्हन दिवसभर तापलेला असतो. त्याच्या मागच्या कोपऱ्यात तिने दोन्ही तुकडे ठेवून दिले.

"ताई, वायर शिजवून खायाची काय?" गणूने विचारलं.

"तुला वाढीन."

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तिने ते बाहेर काढले. सैल गाठीखालची वायर होती तशी गोल होती. घट्ट गाठीखालच्या वायरीला कडेचा खोल वळ पडला होता आणि आवरण कांद्याच्या पापुद्र्याएवढं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही तुकडे भाविकापुढे ठेवले. भाविकाने ते उलटसुलट करून पाहिले, फोनवर काहीतरी वाचलं आणि जुनी वही काढली.

"बघ, या साखळ्या कुणालाच चिकटत नाहीत, बरोबर? मग एकमेकींना तरी कशा चिकटतील? शेजारी शेजारी नुसत्या पडलेल्या असतात. एका जागी सतत दाब दिला की हळूहळू घसरतात आणि बाजूला होतात. उष्णता असली तर आणखी लवकर. अगं, यालाच क्रीप म्हणतात. लिहिलेलंच आहे की ही वायर धारेवर ताणून बांधू नये."

"म्हनजे ज्या गुनामुळं तिला कोनी खात नाय, त्याच गुनामुळं ती दाबली की पळते."

"हो."

भामाला क्षणभर नुसता आनंद झाला. दोन वर्षं शोधत होती तो वैरी सापडला होता. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

गणूकडे आयटीआयचा कागद होता. तिच्याकडे काय होतं? गाठ. गाठीसाठी शेठने तिला फाटकावरून उचलून आणलं होतं. ती गाठच ओव्हन बिघडवते हे कळल्यावर तो तिला टेबलाशी कशाला बसवेल? आणि मासळीची तिची जागा आता दुसऱ्या बाईने धरली होती.

भाविकाच्याही ते लक्षात आलं. "आई, सांगायलाच पाहिजे असं नाही. तीन ओव्हन तर दुरुस्त झालेत. शेठ म्हणतायत ना वायर खोटी, तर म्हणू दे."

"मंग काय व्हईल?"

"हा माल परत जाईल. दुसरीकडून नवीन रीळ येईल."

"आन नव्या रिळाला गाठ कोन मारंल?"

दोन तुकडे भाविकानेच कागदात गुंडाळून आईच्या पिशवीत ठेवले.

शुक्रवारी सकाळी गुरुदत्त पत्राची प्रत काढत होता. भामाने पिशवीतून पुडी काढली आणि त्याच्या टेबलावर उघडली.

"शेठ, वायर खरी हाय. गाठ खोटी."

मग तिने सगळं सांगितलं. जुडग्यातल्या जागा, आगपेटीची काडी, ओव्हनमधले चार दिवस. भाविकाने सांगितलेलं साखळ्यांचं तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि ते बरोबर सांगितलं. गुरुदत्तने भिंग काढून दोन्ही तुकडे पाहिले. मधूनच तो म्हणाला, "हे मला माहीत असायला हवं होतं," पण ते तो तिला म्हणाला की स्वतःला, हे कळलं नाही. भिंग खाली ठेवून त्याने विचारलं, "तुमची गाठ असलेले किती ओव्हन बाहेर आहेत?"

"एकवीस गेलं. तीन आलं."

"अठरा."

"अठरा."

त्याने पत्र खणात टाकलं आणि गाडीची किल्ली घेतली. कामाचं काही बोलला नाही. भामानेही विचारलं नाही. काढून टाकायचं तर अठरा ओव्हन बघून झाल्यावर काढील, तोवर हातात काम आहे, असं तिने मनाशी ठरवलं.

पहिला कळंबोलीच्या एका रंगकामाच्या शेडमधला. तिथं गाठीखाली नुसता वळ पडला होता. दुसरा, तिसरा तसाच. प्रत्येक ठिकाणी गाठ कापायची, वायर बदलायची, पत्र्याच्या भोकात झळ सोसणाऱ्या रबराची कडी बसवायची म्हणजे धार उरत नाही, आणि नवी गाठ कडेपासून चार बोटं लांब. पण मारायची कशी? सैल मारली तर बुळबुळीत जुडगा सरकतो, घट्ट मारली तर वायर पळते. गणूने दोनदा बांधली, दोनदा घसरली. भामा पत्र्याला पाठ टेकून विचार करत बसली. मग तिला जाळं तरंगावं म्हणून त्याच्या वरच्या दोराला बोये बांधतात ते आठवलं. बोया मऊ असतो, एकाच जागी दोरी आवळली तर त्यात रुतते, म्हणून तिथं दोरीचे शेजारी शेजारी वेढे देऊन रुंद पट्टा करतात. पकड सगळे वेढे मिळून धरतात, एकटा कुठलाच वेढा चावत नाही. तिने सात वेढे दिले. सातवा देताना हात सवयीने खच्चून ओढायला गेला, म्हणून तिने आत काडी ठेवली.

शनिवारपर्यंत चार झाले, रविवारी सुट्टी न घेता पाच. सोमवारी त्यांनी एका बायकांच्या गटाच्या कारखान्यात गाडी लावली. पनवेलच्या बाहेर एका गावात बारा जणी मिळून पापड, कुरडया, सांडगे करायच्या आणि ते ओव्हनमध्ये वाळवायच्या. गटाची प्रमुख गंगाबाई दारातच भेटली.

"आमचं यंत्र बरं चाललंय हां," ती म्हणाली. "स्विच-बिच काय पडत नाय. फक्त दाराच्या कडीला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून आमी खाली लाकडाची फळी टाकली."

गुरुदत्त जिथं होता तिथंच थांबला. "कधीपासून?"

"झाले दोन महिने. पोरींना सांगितलंय, ओल्या हाताने धरायचं नाय."

भामाने गंगाबाईचं मनगट धरून तिला ओव्हनपासून मागे ओढलं. गणूने मेन स्विच बंद केला. मग कळलं की जागा बदलताना गावातल्या कुणी वायरमनने ओव्हनची अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती, म्हणून वीज जमिनीत जायची सोडून पत्र्यातच बसून होती आणि स्विचला पत्ताच नव्हता. मागचं झाकण उघडलं. भोकाच्या कडेला, भामाच्या गाठीखाली, तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती.

भामाने ती गाठ स्वतः कापली. दोन वर्षांपूर्वी मारलेली, अजून तसूभर सरकली नव्हती. कमळाकरने बोट घालून पाहिली असती तर पास केली असती. लाकडाच्या फळीवर बारा जणींच्या ओल्या पावलांचे डाग होते आणि तिला तिकडे बघवत नव्हतं.

कामाला दोन तास लागले. नवी वायर, रबराची कडी, चार बोटांवर सात वेढे. गणूने अर्थिंग जोडली, गुरुदत्तने मीटर लावून तीन-तीनदा तपासलं. ओव्हन तापवला, पुन्हा तपासलं. मग त्याने स्वतः आधी कडी धरली आणि मग गंगाबाईला म्हणाला, "धरा आता."

गंगाबाईने फळीवरून खाली उतरून अनवाणी पायांनी उभं राहून कडी धरली. पुरती मूठ आवळून.

"काय नाय," ती म्हणाली. "शांत झालं म्हणायचं यंत्र." आणि तिने मुलींना फळी उचलायला सांगितली.

झाकण लावण्याआधी गुरुदत्तने जुडग्याला दोन बोटांनी हिसका देऊन पाहिला. जुडगा गाठीत केसभर पुढे सरकला आणि थांबला. भामाचा हात आपोआप दोरीकडे गेला.

"राहू दे," गुरुदत्त म्हणाला. "एवढं सरकायलाच पाहिजे."

"दिसतं वंगाळ."

"दिसू दे." त्याने झाकणाचे स्क्रू आवळले. "आठ राहिले अजून. ते झाले की गुरुवारी नवा माल येतोय, आणि एका मुलीला कामावर घेतोय, कीर्ती म्हणून. तिला हे सात वेढे शिकवायचे. सकाळी नऊला या."

"घट्ट मारायला शिकवनं सोपं हाय, शेठ," भामा पिशवी आवरत म्हणाली. "ह्ये शिकवायला मला वेळ लागंल."

"मला तरी कुठं येतंय," गुरुदत्त म्हणाला आणि गाडीकडे निघाला. भामाने आगपेटी उघडून किती काड्या उरल्यात ते पाहिलं.